महिपतींची जुळणी

कीर्तनात आपण सर्वांनी ऐकलेली एक गोष्ट आहे. ज्ञानदेव आणि नामदेव तीर्थयात्रा करीत काशीस पोहोचतात आणि तेथे त्यांची कबीराशी गाठ पडते. संत संतांस उराउरी भेटतात, भजनाचा गजर होतो, आणि ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात. परंतु श्रोत्यांत एखादा सनावळी पाठ असलेला गृहस्थ बसला असेल तर त्याच्या मनात शंका आल्यावाचून राहावयाची नाही. ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली ती शके १२१८, म्हणजे इ. स. १२९६ मध्ये. कबीराचा काळ पंधराव्या शतकातला. ज्यांची गळाभेट झाली म्हणावयाचे, त्यांच्यामध्ये निदान शंभर वर्षांचे अंतर पडते. मग ही भेट झाली कोठे, आणि घडवून आणली कोणी?

या शंकेला दोन सोपी उत्तरे नेहमी दिली जातात. एक म्हणजे जुन्या लोकांस इतिहासाची जाण नव्हती. दुसरे म्हणजे भक्तीच्या प्रांतात सन-शक विचारूच नयेत. आम्हांस ही दोन्ही उत्तरे आळशी वाटतात. पहिल्यात पूर्वजांस अडाणी ठरविण्याची घाई आहे, तर दुसऱ्यात आपण विचार न करण्याची सोय आहे. खरा प्रश्न याहून मोठा आणि मौजेचा आहे. पाचसहाशे वर्षे, निरनिराळ्या जातींच्या, निरनिराळ्या गावच्या आणि कधी निरनिराळ्या भाषांच्या माणसांनी मिळून ही संतकथांची सृष्टी रचली. एकाने उभे केलेले पात्र दुसऱ्याने घेतले, तिसऱ्याने त्यास नवा प्रसंग दिला. या सृष्टीस मालक नव्हता, कचेरी नव्हती, मंजुरी देणारा अधिकारी नव्हता. तरीही गोरा कुंभार म्हटला की कोल्हापूरच्या श्रोत्यापुढे जो उभा राहतो, तोच नागपूरच्या श्रोत्यापुढेही उभा राहतो. सामाईक विहिरीवर निदान पाळ्या ठरलेल्या असतात. येथे तेही नव्हते. मग पाणी गढूळ कसे झाले नाही?

हा प्रश्न केवळ पोथ्यांचा नाही. अमेरिकेत ‘स्टार वॉर्स’ नावाची चित्रपटमाला आहे. तिच्यातील पात्रे घेऊन अनेक लेखकांनी शेकडो कादंबऱ्या आणि चित्रकथा लिहिल्या. २०१२ साली ही सारी मिळकत एका मोठ्या कंपनीने विकत घेतली आणि २०१४ साली जाहीर करून टाकले की यापुढे चित्रपट आणि आमच्या देखरेखीखालची नवी पुस्तके तेवढी प्रमाण. आधीची पुस्तके दंतकथा समजावीत. वाचकांनी आरडाओरड केली, पण निकाल लागला. मालक असला म्हणजे प्रमाण ठरविणे असे एका कागदाचे काम असते. मालक नसतो तेथे काय करतात, हे पाहावयाचे तर फार दूर जाण्याचे कारण नाही. पूर्वी अहमदनगर आणि आता अहिल्यानगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यातच या प्रश्नाची तीन उत्तरे दिली गेली आहेत. त्यांची ठिकाणे डोमेग्राम, नेवासे आणि ताहाराबाद.

गोदाकाठचे डोमेग्राम म्हणजे श्रीरामपूर तालुक्यातले आजचे कमालपूर. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी येथे राहिले होते. येथेच त्यांच्याशी संबंध आलेल्या माणसांत सराळ्याचा म्हाइंभट होता. मोठा विद्वान, वादपटू, आणि प्रारंभी काहीसा गर्विष्ठही. चक्रधरांच्या प्रयाणानंतर याच म्हाइंभटाने त्यांच्या आठवणी, म्हणजे लीळा, गोळा करण्याचे काम अंगावर घेतले आणि त्यातून मराठीतले आद्य गद्यचरित्र ‘लीळाचरित्र’ तयार झाले. त्याची रीत पाहण्यासारखी आहे. जो प्रसंग ज्याने पाहिला त्याच्याकडे जावयाचे, त्याच्या तोंडून ऐकावयाचे आणि मग नागदेवाचार्यांपुढे ठेवून पारखून घ्यावयाचे. पुढे मूळ प्रत खलजींच्या स्वारीच्या धामधुमीत गेली आणि अनुयायांनी ती स्मरणावरून पुन्हा उभी केली, असे पंथाची परंपरा सांगते. स्मरणे अनेक, म्हणून पाठही अनेक झाले. परंतु एखादा प्रसंग कोणी निराळा सांगत असेल तर तो निराळेपणा पुसून टाकण्याऐवजी नोंदून ठेवावा, असा या मंडळींचा कल दिसतो. एक म्हणतो असे झाले, दुसरा म्हणतो तसे झाले, दोन्ही लिहा. साक्षीदार हयात असतात किंवा त्यांची आठवण ताजी असते, तोवर ही रीत उत्तम. ख्रिस्ती धर्मसंघाने चार शुभवर्तमाने त्यांच्यातील विसंगतींसह ठेवली, ती याच जातीची गोष्ट आहे.

नेवाशाचे उत्तर याच्या अगदी उलट. तेथे शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. सुमारे नऊ हजार ओव्यांचा ग्रंथ. हाताने नकलून घ्यावयाचा. नकल करणारा कधी चुकायचा, कधी अर्थ लागेना म्हणून शब्द बदलायचा, आणि कधी भक्तीच्या भरात स्वतःची ओवीही घालून मोकळा व्हायचा. तीनशे वर्षांत ग्रंथ इतका बिघडला की पैठणच्या एकनाथांना शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये निरनिराळ्या प्रती जमवून तो शुद्ध करावा लागला. एकनाथ स्वतः केवढे कवी! त्यांच्या हातून दोनचार ओव्या सहज गेल्या असत्या आणि कोणास कळलेही नसते. पण त्यांनी तसे केले नाही, आणि शेवटी बजावून ठेवले की यापुढे जो या ग्रंथात आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखे होईल. ग्रंथाचे दार त्यांनी बंद करून घेतले. हे दार आजतागायत बहुतेक बंदच आहे. संशोधकांनी याहून जुन्या पोथ्या शोधल्या, राजवाड्यांनी १९०९ साली आपली प्रत छापली, शब्दांचे वाद झाले. परंतु ज्ञानेश्वरीत आपली ओवी घालावी असे म्हणणारा कोणी निघाला नाही.

साक्षीदाराचे नाव ठेवा, ही एक रीत. अक्षर बदलू नका, ही दुसरी. पण या दोन्ही रीती ग्रंथापुरत्या चालतात. गोष्टींचे काय? गोष्टी कोणाच्या पोथीत बसलेल्या नव्हत्या. त्या कीर्तनात होत्या, दिंडीत होत्या, जात्यावर होत्या. त्यांचे दार बंद करावयाचे तरी कोणी?

येथे आपण ताहाराबादेस येतो. राहुरी तालुक्यातल्या या गावी महिपती १७१५ साली जन्मले आणि १७९० साली वारले. घराणे कुलकर्ण्यांचे. जहागीरदाराचा शिपाई पूजेच्या वेळी आला आणि उर्मटपणे बोलावू लागला, तेव्हा महिपतींनी पूजा आटोपून काम केले खरे, परंतु त्यानंतर कुलकर्णपणाची लेखणी खाली ठेवली आणि ती संतांखेरीज कोणासाठी उचलावयाची नाही असा नेम केला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका असो वा इतिहास, तिच्यात एक मर्म आहे. हा मनुष्य दप्तराचा होता. खतावणी लावणे, नोंदींचा मेळ घालणे, दोन वह्यांतला फरक शोधणे हा त्यांच्या घरचा धंदा. संतांच्या कथांकडेही ते त्याच नजरेने पाहतात, असे त्यांचे ग्रंथ वाचताना आम्हांस पुनःपुन्हा जाणवते.

‘भक्तविजय’ त्यांनी शके १६८४, म्हणजे १७६२ साली पुरा केला, अध्याय सत्तावन्न. ‘भक्तलीलामृत’ १७७४ सालचे, अध्याय एकावन्न. ‘संतलीलामृत’ आणि ‘संतविजय’ निराळेच. भक्तविजयाच्या आरंभीच महिपती आपल्या आधारांची नावे सांगतात. उत्तरेकडे नाभाजींनी भक्तांची चरित्रे रचली, माणदेशात उद्धवचिद्घनांनी रचली. या दोहोंचा मेळ घालून आपण हा ग्रंथ करीत आहोत, पदरचे काही घातलेले नाही, तेव्हा श्रोत्यांनी दोष ठेवू नये, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. या विनवणीकडे पुष्कळ वाचक केवळ नम्रता म्हणून पाहतात. आमच्या मते ती नम्रता नसून पावती आहे. ज्या सृष्टीस मालक नाही तेथे नव्या लेखकाने पहिली गोष्ट ही सांगावयाची असते की आपण कोणाच्या हातून माल घेतला.

परंतु दोन वह्यांचा मेळ बसत नसेल तर? नाभाजींचे भक्त उत्तरेतले, उद्धवचिद्घनांचे बरेचसे दक्षिणेतले. एका ग्रंथात आले की ते एकमेकांचे शेजारी झाले. शेजारी झाले की भेटावयास हवेत. कबीराची आणि ज्ञानदेवांची गाठ पडते ती अशी. ती इतिहासातून आलेली नाही, शेजारातून आली आहे. भक्तांची जमात एक आहे असे एकदा मानले, की त्या जमातीतल्या दोघांची ओळख नाही हे श्रोत्यासच चमत्कारिक वाटू लागते.

या जुळणीची दुसरी हातोटी अधिक बारीक आहे, आणि तिचा उत्तम नमुना म्हणजे विसोबाची गोष्ट. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर. ते त्यांना औंढ्या नागनाथास भेटले, पिंडीवर पाय ठेवून निजलेले. ही झाली नामदेवांकडची कथा. आळंदीकडची कथा निराळी: तेथे विसोबा चाटी नावाचा एक गृहस्थ ज्ञानदेव भावंडांचा छळ करतो, कुंभाराकडचे खापरही त्यांना मिळू देत नाही, मग ज्ञानदेवांच्या पाठीवर मुक्ताबाई मांडे भाजते. हे पाहून विसोबा वरमतो आणि भावंडांचे उष्टे खावयास धावतो. तेव्हा ज्ञानदेव त्यास म्हणतात, खेचरा, दूर हो. झाले! आळंदीचा छळणारा विसोबा आणि औंढ्याचा ज्ञानी विसोबा एकच ठरले, दोन निराळ्या कथांस एका शब्दाची गाठ बसली, आणि नामदेवांची गुरुपरंपरा पाहता पाहता ज्ञानदेवांच्या दारी येऊन पोहोचली. ही गाठ कोणी प्रथम मारली हे सांगणे अवघड. पण मारणारा मोठा कसबी होता. वाकळ शिवणारी बाई दोन चिंध्या जोडताना टाका कसा आत घेते, तसा हा टाका आहे.

तिसरी हातोटी अवताराची, आणि तीच सर्वांत सोयीची. काळाचे अंतर गाठीने बुजत नसेल तर तोच पुन्हा जन्मास आला म्हणावे. महिपती भक्तविजयाचा आरंभच येथून करतात: उद्धव तो नामदेव झाला, व्यास तो जयदेव, वाल्मीकी तो तुलसीदास, शुक तो कबीर. नामदेवांनी शतकोटी अभंगांचा संकल्प केला, तो पुरा होईना. राहिलेले काम तुकारामांकडे आले. या कथेला तर तुकारामांच्या स्वतःच्या अभंगाचा आधार आहे, कारण नामदेव स्वप्नात येऊन काम सांगून गेले असे ते स्वतःच म्हणतात. अशा रीतीने साडेतीनशे वर्षांचे अंतर एका झोपेत तुटले!

श्रीगोंद्याच्या लोकांस ही हातोटी चांगली परिचयाची आहे. तेथील शेख महंमद, ‘योगसंग्राम’ ग्रंथाचे कर्ते, मालोजीराजे भोसल्यांनी ज्यांना गुरू मानले ते. ज्ञानदेवाचा एकनाथ झाला, नामदेवाचा तुकाराम झाला आणि कबीराचा शेख झाला, अशा अर्थाची एक म्हण त्यांच्याविषयी प्रचलित आहे. देहूस तुकारामांच्या कीर्तनात मंडपास आग लागली, ती शेखांनी श्रीगोंद्यात बसल्या जागी हात चोळून विझविली, अशी कथाही सांगतात. म्हणीने शेखांस वंशावळीत जागा दिली, कथेने त्यांचा तुकारामांशी घरोबा जोडला. संतांच्या मेळ्यात नवा मनुष्य घ्यावयाचा तर एवढे दोन कागद पुरे होत.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर असा समज व्हावयाचा की या सृष्टीत कोणी काहीही जोडावे. तसे नाही. वारकरी कीर्तनात एक शब्द आहे: प्रमाण. कीर्तनकार आपले म्हणणे मांडतो आणि त्यास संताच्या वचनाचे प्रमाण देतो. हे प्रमाण अक्षरशः यावे लागते. एखादा शब्द मागेपुढे झाला तर मागे उभा असलेला टाळकरी मान वर करून पाहतो, आणि कीर्तनकारास ते पाहणे पुरते. गोष्टीचे तसे नाही. गोष्ट लांबवावी, आखडती घ्यावी, गावच्या मंडळींना ओळखीच्या वाटतील अशा लकबी पात्रांस द्याव्यात. कोणी हरकत घेत नाही. अभंग खुंटी आहे, गोष्ट त्यावर टांगलेला अंगरखा आहे. अंगरखा बदलतो, खुंटी हलत नाही. इंद्रायणीत वह्या बुडाल्याची कथा शंभर प्रकारांनी रंगविली जाते, परंतु तेरा दिवसांच्या निर्वाणीचे तुकारामांचे स्वतःचे अभंग आहेत, म्हणून ती शंभर ठिकाणी सांगितली तरी एकच राहते. मालक नसलेल्या या सृष्टीचा कारभार पाहणारे हात हे असे होते: पोथी लिहिणारा, कीर्तन करणारा आणि मागे टाळ धरणारा. तिघांपैकी तिसरा सर्वांत कडक, असा आमचा अंदाज आहे.

अर्थात खुंटीदेखील कधी कधी हलते. ‘नामा म्हणे’ अशी मुद्रा असलेले अभंग गाथेत दोन हजारांहून अधिक आहेत, आणि ते एकाच नामदेवाचे नाहीत हे आता सर्व अभ्यासक मानतात. एकनाथांच्या काळचा विष्णुदास नामा त्यांत आहे, आणखीही कोणी असतील. गाणाऱ्यांच्या बाडांत जे नाम्याच्या नावाने आले ते नामदेवांचे झाले. नामदेवांच्या नावावरील ‘आदि’, ‘तीर्थावळी’ आणि ‘समाधी’ या प्रकरणांतूनच ज्ञानदेवांचे पहिले चरित्र आपणांस मिळते. म्हणजे ज्या खुंटीवर ज्ञानदेवांची सारी कथा टांगली आहे, तीही अनेकांच्या हातून घासूनपुसून गेलेली.

१८९८–९९ च्या सुमारास शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावाने ‘सुधारक’ पत्रात लेख लिहून या प्रकरणास तोंड फोडले. ज्ञानेश्वरीकार निराळे आणि अभंगकर्ते ज्ञानदेव निराळे. ज्ञानेश्वरीत विठ्ठलाचे नाव नाही, अभंग विठ्ठलाने भरलेले. भाषाही एक नव्हे, असे त्यांचे म्हणणे. केवढे काहूर उठले! आज त्या वादात दोन ज्ञानदेव मानणारे थोडे उरले आहेत. परंतु भारद्वाजांनी एक नवा नियम या घरात आणला, तो गेला नाही. तो नियम असा की मेळ बसत नसेल तर अवतार काढू नका, दोन माणसे काढा. महिपती दोघांचे एक करीत होते; नवा अभ्यासक एकाचे दोन करू लागला. कॉनन डॉइलच्या शेरलॉक होम्सच्या कथांत डॉक्टर वॉटसनची जखम एकदा खांद्यास आहे, एकदा पायास. रोनाल्ड नॉक्स या विद्वानाने १९११ साली बायबलच्या चिकित्सकांची थट्टा करण्याकरिता याच कथांची त्यांच्याच पद्धतीने छाननी केली. थट्टा बरीच लोकांच्या लक्षात राहिली नाही, छाननी मात्र राहिली. माणसास विसंगती सहन होत नाही. ती बुजविण्याची साधने तेवढी काळाप्रमाणे बदलतात.

मग महिपतींचे काय करावयाचे? इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही म्हणून बाजूस ठेवावयाचे? असे म्हणणाऱ्यांस आम्ही एवढेच विचारू की, ठेवून मागे काय उरते ते एकदा मोजून पाहा. बहिणाबाईंच्या नावावरील प्रसिद्ध रूपकात संतपरंपरेचे देऊळ रचले आहे: पाया ज्ञानदेवांचा, विस्तार नामदेवांचा, एकनाथांचे भागवत, कळस तुकारामांचा. सुंदर रूपक आहे, पाठ्यपुस्तकांतून आपण ते शिकलो. परंतु त्या देवळात चोखोबा नाहीत, जनाबाई नाहीत, कान्होपात्रा नाही, आणि श्रीगोंद्याचे शेख तर नाहीतच. ही सारी माणसे महिपतींच्या पोथ्यांत आहेत. देऊळ चौघांत उभे राहते. पोथीस मात्र गाव लागते, आणि गावात सर्व आळ्या आल्या. ताहाराबादच्या कुलकर्ण्याने कोणास वगळले नाही, हे त्याच्या जुळणीचे मोठेपण आहे, आणि सनावळी चुकली म्हणून ते कमी होत नाही.

तरीही या जुळणीने काय झाकले तेही पाहिले पाहिजे, आणि येथे आमचा महिपतींच्या निव्वळ भक्तांशी मतभेद आहे. चोखोबांच्या कथेत देव त्यांच्या घरी येतो, त्यांना आपल्या गळ्यातला हार देतो, त्यांच्याबरोबर मेलेली ढोरेही ओढतो. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालले असता भिंत कोसळून चोखोबा गेले; नामदेव तेथे गेले, आणि ज्या हाडांतून विठ्ठलनाम निघत होते ती त्यांची म्हणून ओळखून पंढरीस घेऊन आले. ऐकताना कंठ दाटून येतो. पण कथेचा सांधा इतका गुळगुळीत बसला आहे की भिंतीखाली कोणती माणसे कामास लावली होती, हा प्रश्न श्रोत्याच्या मनात उठतच नाही. हाडे पंढरीस आली ती महाद्वाराबाहेर राहिली. कथेने चोखोबांस संतांच्या मेळ्यात घेतले, देवळाने त्यांच्या जातभाईंना आत घेतले नाही. त्यासाठी साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरास उपोषण करावे लागले. सहाशे वर्षे दर आषाढीस लाखो लोक ही कथा ऐकत त्याच दारातून आत जात होते. कथेतील मेळ आणि व्यवहारातील मेळ या दोन गोष्टी किती काळ शेजारी शेजारी राहू शकतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. चोखोबांच्या अभंगांत मात्र तक्रार आहे. ती खुंटी अजून जागच्या जागी आहे; आपण तिच्यावर नवा अंगरखा टांगू शकतो.

महिपतींबरोबर ही सृष्टी संपली असे कोणी समजू नये. आपल्याच जिल्ह्यात अकोळनेर येथे १८६८ साली गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे जन्मले. पोलीसखात्यात नोकरीस लागले, पुढे ती सोडून कीर्तनकार झाले. हेच दासगणू महाराज, १९६२ साली वारले. लोक त्यांना आधुनिक महिपती म्हणत, आणि त्यांनीही आपल्या ग्रंथास ‘भक्तलीलामृत’ असे महिपतींचेच नाव दिले. या ग्रंथात त्यांनी शिर्डीच्या साईबाबांस घेतले, बाबा हयात असतानाच. आता बाबांचे जन्मगाव कोणास ठाऊक नाही, आईबाप ठाऊक नाहीत, गुरूही ठाऊक नाही. ज्याच्या मागे-पुढे काही नाही असा मनुष्य मेळ्यात बसवावयाचा कसा? दासगणूंनी जुनीच हातोटी वापरली. बाबांचे गुरू म्हणजे सेलूचे गोपाळराव देशमुख; ते पूर्वजन्मी काशीचे रामानंद; आणि रामानंदांचा शिष्य कबीर तोच हे साईबाबा. म्हणजे कबीर आपल्या एकाच जिल्ह्यात दोनदा जन्मास आला, एकदा श्रीगोंद्यास आणि एकदा शिर्डीस, आणि दोन्ही गावांनी एकमेकांविरुद्ध कधी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. मध्ये अडीचतीनशे वर्षे गेली होती, तेव्हा हिशेब चुकत नाही!

याच सुमारास गोविंद रघुनाथ दाभोळकर, म्हणजे हेमाडपंत, ‘साईसच्चरित’ लिहीत होते. ते १९३० साली प्रसिद्ध झाले. त्यांनी निराळी वाट धरली. बाबांचे मूळ कोणास कळले नाही, असे सांगून ते पुढे जातात, आणि ज्यास अनुभव आला त्याच्या नावासह प्रसंग देतात. त्यांची पोथी ओवीबद्ध असली तरी आम्हांस ती महिपतींपेक्षा म्हाइंभटाच्या कुळातली वाटते. ठाऊक नाही तेथे रिकामी जागा ठेवावी, हे त्यांचे शहाणपण.

पण रिकाम्या जागेस गिऱ्हाइके फार. परभणी जिल्ह्यातले पाथरी हे बाबांचे जन्मगाव, असा दावा पुष्कळ वर्षांपासून होता. २०२० च्या जानेवारीत बाबांचे जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासासाठी १०० कोटी रुपये देण्याचे राज्य शासनाने जाहीर केले, आणि शिर्डी खवळली. १९ जानेवारीस गावात बंद पाळण्यात आला. मंदिर उघडे होते, दुकाने बंद होती. शिर्डीकरांची हरकत पाथरीच्या रस्त्यांस किंवा पाण्यास नव्हती, ‘जन्मस्थान’ या एका शब्दास होती. ज्या पोथीने ती जागा कोरी ठेवली त्या पोथीचा आधार शिर्डीने घेतला. कोरी जागाही प्रमाण होऊ शकते, हे आम्हांस त्या दिवशी प्रथम दिसले.

तरी या प्रकरणात एक गंमत राहतेच. शिर्डीत पारायण होते ते दाभोळकरांच्या सच्चरिताचे. परंतु शिर्डीलाच पंढरपूर मानणारे जे पद बाबांच्या आरतीत रोज म्हटले जाते, ते दासगणूंचे आहे, आणि ते म्हणताना गोपाळरावांची किंवा रामानंदांची आठवण कोणी काढीत नाही.